एक खोली, चार हात

लग्न होऊन वर्ष-दोन वर्षें झालेलें एखादें जोडपें नोकरीचा राजीनामा देतें, पाठीवर एकेक बोचकें टाकतें आणि परदेशची वाट धरतें. जवळ पैसा बेताचाच असतो. मग दूरच्या एखाद्या शहरांत, नाहीं तर समुद्रकांठच्या गांवीं, प्रवासी तरुणांसाठीं चालविलेल्या स्वस्त हॉस्टेलांत तीं दोघें काम पत्करतात. एकानें चादरी बदलावयाच्या व न्हाणीघरें धुवावयाचीं, दुसऱ्यानें रात्रीं दाराशीं बसून येणाऱ्यांचीं नांवें टिपून घ्यावयाचीं. मोबदला म्हणून दोघांना राहावयास एक खोली आणि जमल्यास सकाळची न्याहारी. पगार नाहीं. यास स्वयंसेवा असें नांव आहे. ज्या कामास पैसा नाहीं तें काम कसलें, आणि ज्यांत केर काढावा लागतो तो प्रवास कसला, असा प्रश्न घरांतील वडील मंडळी करतात. तो अगदींच अस्थानीं नाहीं. परंतु ही पद्धत आजकालची नव्हे. तिची कुळकथा शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिचा आरंभ एका शाळामास्तराच्या पायपिटीपासून होतो.

रिचर्ड शिरमान हा १८७४ सालीं पूर्व प्रशियांत जन्मलेला प्राथमिक शिक्षक. पश्चिम जर्मनीच्या कारखानदारी मुलखांत तो नोकरीस आला, तेव्हां धुरानें काळवंडलेल्या गल्ल्यांत वाढणारीं मुलें त्याच्या पदरीं पडलीं. त्यांना वर्गाबाहेर काढून तो रानावनांतून हिंडवूं लागला. चालतां चालतां शिकवावें, असें त्याचें मत होतें. ऑगस्ट १९०९ मध्यें आल्टेना गांवाहून मुलांची एक टोळी घेऊन तो कांहीं दिवसांच्या पायीं सहलीस निघाला. २६ तारखेस ब्रोल नदीच्या खोऱ्यांत वादळी पावसानें त्यांना गांठलें. सुटीमुळें रिकामी पडलेली एका खेड्यांतील शाळा अखेर उघडून मिळाली. बांकें बाजूस सारलीं, जमिनीवर पेंढा पसरला आणि मुलें झोंपीं गेलीं. मास्तर मात्र विजांच्या कडकडाटांत जागा राहिला. सुटींत देशांतील सगळ्या शाळा अशाच ओस पडतात. त्यांतील एकेका खोलींत अंथरुणें टाकलीं तर दर दिवसाच्या चालीवर मुलांना एकेक मुक्काम मिळेल, हा विचार त्या रात्रींचा.

१९१० सालीं त्यानें ही कल्पना वृत्तपत्रांतून मांडली. १९१२ मध्यें आल्टेनाच्या टेंकडीवरील जुन्या किल्ल्यांत पहिलें कायमचें यूथ हॉस्टेल निघालें. जाड लांकडाचे एकावर एक असे तीन मजली पलंग तेथें ठोकण्यांत आले. ते आजही जतन करून ठेवलेले असून पाहावयास मिळतात. पुढें विल्हेल्म म्युंकर या व्यवस्थाकुशल सहकाऱ्याची जोड मिळाली, १९१९ सालीं देशव्यापी संघटना झाली, आणि १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत जर्मनींतील अशा मुक्कामांची संख्या दोन हजारांवर गेली. इंग्लंडांत १९३० सालीं याच धर्तीवर संस्था निघाली. तिचें एका रात्रीचें भाडें होतें एक शिलिंग.

येवढ्या थोड्या भाड्यांत घर चालावें कसें? याचें एक उत्तर सर्वांस ठाऊक आहे. येणारानें पायीं किंवा सायकलीवर यावें, निजण्याची चादरीची पिशवी स्वतःची आणावी, आणि सकाळीं निघण्यापूर्वीं घरांतील एक काम करून जावें, असा नियम होता. कोणी झाडलोट करी, कोणी बटाटे सोली, कोणी लांकडें फोडी. हें काम भाड्याच्या बदल्यांतलें नव्हतें, भाडें देऊन वर करावयाचें होतें. साहेबाच्या मुलानें आणि गिरणी-कामगाराच्या मुलानें एकच झाडू हातीं धरावा, हा त्यांतील हेतु. आपल्याकडील श्रोत्यांस येथें गाडगे महाराज आठवतील. ते शिरमानहून अवघे दोन वर्षांनीं लहान. गांवांत शिरतांच ते आधीं खराटा हातीं घेत आणि मग भाकरीचें बोलत. त्यांनीं उभारलेल्या पंढरपूर-नाशिकच्या धर्मशाळा गोरगरीब यात्रेकरूंच्या उपयोगीं पडल्या. दोघांची गांठभेट कधीं झाली नाहीं, एकाचें नांव दुसऱ्याच्या कानीं गेलें असेल असेंही नव्हे. पण वाटसरूला आसरा देण्याचा आणि झाडण्याचा संबंध दोघांनींही आपापल्या परीनें ओळखला होता.

दुसरें उत्तर मात्र सहसा सांगितलें जात नाहीं. अर्ध्या तासाच्या झाडलोटीनें शंभर खाटांचें घर चालत नसतें. पहाटे चूल पेटविणें, शंभर माणसांचें सूप शिजविणें, ओले बूट वाळत घालणें, आजारी मुलाच्या उशाशीं बसणें, रात्रीं दहाच्या पुढें दंगा करणाऱ्यांना दटावणें, हें कोणी तरी रोज करावें लागतें. जर्मन भाषेंत त्या माणसांना दिलेलें नांव मोठें बोलकें आहे. त्यांना व्यवस्थापक म्हणत नाहींत. मुक्कामाचे आईबाप म्हणतात. घर चालविण्यास नवराबायको मिळूनच यावीं, अशी तिकडे रूढि पडली. बाप दार, हिशेब व दुरुस्ती पाहणार. आई स्वयंपाकघर, कपडे व आजारपण पाहणार. नेमणूक बहुधा बापाची समजली जाई आणि आई त्याच्याबरोबर आपोआप येई. उत्पन्न एक, राबणारे हात चार. यूथ हॉस्टेलच्या इतिहासांत शिरमानचा पुतळा शोभून दिसतो; पण त्याच्या योजनेचा जमाखर्च जमला तो या न मोजलेल्या दोन हातांच्या जोरावर, हें स्पष्ट बोलून दाखविणें इतिहासकारांस अवघड कां वाटावें, कोण जाणे.

१९३२ सालीं अॅम्स्टरडॅम येथें निरनिराळ्या देशांच्या संस्था एकत्र आल्या, आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि शिरमान त्याचा अध्यक्ष झाला. पुढील वर्षींच हिटलरची सत्ता आली व जर्मनींतील सारीं हॉस्टेलें हिटलरच्या युवकदलाच्या हातीं गेलीं. सर्वांसाठीं उघडलेलें दार ज्यूंच्या मुलांना बंद झालें. नव्या राज्यकर्त्यांना नको असलेले मुक्कामाचे आईबाप कामावरून गेले. शिरमान कांहीं काळ मानाच्या पदावर राहिला, जुळवून घेतां येईल तेवढें त्यानें जुळवून घेतलें, आणि शेवटीं १९३६ सालीं त्यास आंतरराष्ट्रीय अध्यक्षपदही सोडावें लागलें. ज्यानें पहिल्या महायुद्धांत व्होझ पर्वताच्या आघाडीवर असतांना शत्रूच्या शिपायांबरोबर खाऊ वाटून घेतल्याचा नाताळ पाहिला होता आणि सर्व देशांच्या मुलांची भेट घडवावी असें ज्याच्या मनानें तेव्हांच घेतलें होतें, त्यानें या वेळीं अधिक ताठ उभें राहावयास हवें होतें, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. १९६१ सालीं तो वारला. त्यापूर्वीं, युद्ध संपल्यावर, मोडलेली संस्था पुन्हां उभी राहतांना त्यानें व म्युंकरनें पाहिली.

ज्या १९३३ सालीं जर्मनींत हें दार मिटत होतें, त्याच सालीं एक अमेरिकन जोडपें विद्यार्थ्यांचा जथा घेऊन युरोपांत हिंडत होतें. मन्रो स्मिथ आणि त्याची पत्नी इझाबेल हीं तीं दोघें. दोघेंही शिक्षण व बालवीरांच्या चळवळीशीं संबंध असलेलीं. हॉस्टेलें पाहून तीं इतकीं भारून गेलीं कीं, परत गेल्यावर आपल्या देशांत असेंच कांहीं काढावयाचें, हा त्यांचा निश्चय झाला. डिसेंबर १९३४ मध्यें मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील नॉर्थफील्ड गांवीं अमेरिकेंतलें पहिलें यूथ हॉस्टेल त्यांनीं उघडलें. लगोलग न्यू इंग्लंडच्या खेड्यांतून, सायकलीनें एका दिवसांत गांठतां येतील अशा अंतरावर, एकामागून एक मुक्काम निघाले. इमारती बांधण्यास पैसा नव्हता. शेतकऱ्याच्या घराचा माळा आणि गोठ्यावरील गवताची कोठी हेंच त्यांचें भांडवल. घरचा शेतकरी आणि त्याची बायको हेच मुक्कामाचे आईबाप. एका रात्रीचे पंचवीस सेंट. १९३६ सालीं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं संस्थेचें सन्माननीय अध्यक्षपद पत्करलें.

स्मिथ दंपतीची गोष्ट येथें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, एरव्हीं ज्या कामांत बायकोचें नांव नवऱ्याच्या नांवाखालीं झांकून जातें, तेथें या एका संस्थेनें आपले संस्थापक म्हणून प्रथमपासून दोघांचीं नांवें जोडीनें घेतलीं. परदेशीं जोडीनें जाऊन, तेथलें पाहून, तें काम घरीं आणणारें हें जोडपें. हल्लींचीं जोडपीं त्यांचींच वंशज होत. वंशावळ त्यांना ठाऊक नसते, इतकेंच.

परदेशीं जाऊन फुकट राबण्याची दुसरी एक परंपरा याच सुमारास वाढत होती आणि तिचा हॉस्टेलांशीं थेट संबंध नव्हता. स्विस शांततावादी पिएर सेरेसोल यानें १९२० सालीं फ्रान्समध्यें व्हर्दूंजवळच्या एस्न या उद्ध्वस्त खेड्यांत निरनिराळ्या देशांचे लोक जमवून घरें सांवरण्याचें काम काढलें. त्यांत कालपर्यंत शत्रु असलेले जर्मनही होते. युद्धांत जसा देशासाठीं माणूस फुकट राबतो, तसा शांततेसाठीं कां राबूं नये, हा त्याचा सवाल. जानेवारी १९३४ च्या भूकंपानंतर हाच सेरेसोल बिहारमध्यें आला, राजेंद्रप्रसादांच्या सहकार्यानें त्यानें काम केलें, आणि त्याच्या मूठभर युरोपियन सोबत्यांनीं १९३७ पर्यंत मुझफ्फरपूरकडे पुराच्या पाण्यापासून उंच जागीं घरें उभारण्यास हातभार लावला. या पहिल्या शिबिरांतून पुरुषांच्या हातीं कुदळ असे. बायकांना भगिनी म्हणत, आणि भगिनींच्या वांट्यास बहुधा पुरुषांचा स्वयंपाक व धुणें येई. विश्वबंधुत्वाच्या छावणींतही चूल कोणाकडे, हें आधींच ठरलेलें असावें, याचें त्या काळीं कोणास आश्चर्य वाटलें नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर हें काम व्यक्तींच्या हातून संस्थांच्या हातीं गेलें. इंग्लंडांत १९५८ सालीं अॅलेक डिक्सन आणि त्याची पत्नी मोरा यांनीं परदेशीं स्वयंसेवक पाठविणारी संस्था काढली. त्यापूर्वीं हंगेरींतून पळून आलेल्या निर्वासितांना ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवर उतरून घेण्याचें काम दोघांनीं बरोबरीनें केलें होतें. पहिल्या वर्षीं शाळेंतून नुकतीं बाहेर पडलेलीं थोडीं मुलें सारावाक इत्यादि ठिकाणीं गेलीं. १९६१ मध्यें अमेरिकेनें पीस कोअर स्थापन केलें आणि तेथें एक नियम झाला, तो या विषयांत फार महत्त्वाचा आहे. जोडप्यास घेतात, परंतु दोघांचीही निवड स्वतंत्र गुणावर व्हावी लागते आणि दोघांनाही आपापलें वेगळें काम मिळावें लागतें. नवऱ्याबरोबर आलेली बायको म्हणून कोणास पाठवीत नाहींत. मुक्कामाच्या आईबापांपेक्षां हा हिशेब निराळा, आणि अधिक सरळ.

या हिशेबांत एकटें माणूसही पुरें धरलें जाई. जॉर्जिया प्रांतांतील लिलियन कार्टर ही विधवा परिचारिका पीस कोअरतर्फे १९६६ सालीं अडुसष्टाव्या वर्षीं मुंबईस आली आणि विक्रोळीस गोदरेजच्या वसाहतींत १९६८ पर्यंत राहून कुटुंबनियोजनाचें व दवाखान्याचें काम करीत होती. तिचा मुलगा पुढें १९७७ मध्यें अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. विक्रोळींत त्या काळीं तिला पाहिलेल्यांपैकीं कोणाच्या स्वप्नींही तें नसेल.

सेवेच्या या संस्थांत निवड, मुदत आणि शिस्त होती. ज्या तरुणांना तीं नको होतीं त्यांनीं दुसरा रस्ता धरला. १९६० नंतर इस्तंबूल, काबूल, काठमांडू आणि आपलें गोवें या वाटेनें पाठीवर बोचकें टाकलेल्या तरुणांची रीघ लागली. १९७२ मध्यें टोनी व मॉरीन व्हीलर हें ब्रिटिश जोडपें लंडनहून जमिनीच्या वाटेनें निघून वर्षअखेर सिडनीस पोंचलें, तेव्हां दोघांजवळ मिळून सत्तावीस सेंट शिल्लक होते, असें तीं सांगतात. त्यांनीं पुढील वर्षीं घरींच छापलेल्या मार्गदर्शिकेंतून मोठी प्रकाशनसंस्था निघाली. अशा प्रवाशांना यूथ हॉस्टेलचे नियम जाचक वाटत. दहाला दिवे मालवणें नको, सकाळची झाडलोट नको, मुलींची खोली वेगळी नको. त्यांच्यासाठीं खाजगी मालकीचीं हॉस्टेलें निघालीं, आणि जुन्या हॉस्टेलांनींही हळूहळू झाडू पाहुण्याच्या हातांतून काढून घेतला.

पण झाडू कोणाच्या तरी हातीं असावाच लागतो. लंडनमध्यें चिटणीसाची नोकरी करणाऱ्या सू कोपर्ड हिनें १९७१ सालीं शहरी माणसांनीं शनिवार-रविवार शेतावर जाऊन काम करावें व त्या बदल्यांत जेवण आणि अंथरूण घ्यावें, अशी योजना ससेक्समधील एका शेतावर करून पाहिली. ती जगभर पसरली. पैशाचा संबंध नाहीं, काम द्या आणि आसरा घ्या, हें सूत्र सुटसुटीत होतें. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं महाजालावर यजमान व पाहुणे यांची गांठ घालून देणारीं संकेतस्थळें निघालीं, आणि शेतावरचें हें सूत्र शहरांतील हॉस्टेलांनीं उचललें. शेतकऱ्याच्या घरीं पाहुणा त्याच्याच ताटाला ताट लावून जेवत असे. हॉस्टेल हा मात्र व्यापार आहे. तेथील खाट रोज विकली जाते.

येथें थोडें अंकगणित करावें लागतें. अशा देवघेवींत माणशीं दिवसास पांच तास, आठवड्यास पांच दिवस, म्हणजे पंचवीस तास काम, असें प्रमाण सर्वसाधारणपणें सांगतात. शिरमानच्या काळचा पाहुणा रोज अर्धा तास झाडीत होता असें धरलें तरी आठवड्यास साडेतीनच तास झाले. एकटा स्वयंसेवक पंचवीस तास देतो आणि एक खाट घेतो. जोडपें पन्नास तास देतें आणि एक खोली घेतें. खोली एकाला दिली काय नि दोघांना दिली काय, मालकाचें भाडें एकाच खोलीचें बुडतें. म्हणून हॉस्टेलवाल्यांना जोडपीं आवडतात, यांत नवल नाहीं. शिवाय तीं दोघें एकमेकांस धरून राहतात, चार दिवसांत कंटाळून निघून जात नाहींत, आणि एक आजारी पडलें तर दुसरें त्याचें काम ओढतें. आल्टेनाच्या काळांतील आईबापांचाच हा नवा अवतार होय. फरक इतकाच कीं, त्या आईबापांना घर, जेवणखाण आणि निदान एक पगार तरी होता.

जाणाऱ्यांची बाजूही ऐकावी. ज्यांना एरव्हीं परदेशीं आठ दिवस राहणें परवडलें नसतें, त्यांना दोन-दोन महिने राहतां येतें. परक्या माणसांत कसें वागावें, तुटक्या भाषेंत कसें निभावावें, नवऱ्यानें न्हाणीघर धुवावें आणि बायकोनें गल्ला सांभाळावा, हें शिकतां येतें. घरीं कधीं कप न विसळलेला मुलगा तिकडे चाळीस पलंगांच्या चादरी घालतो. हें शिक्षण लहान नव्हे. मालक छोटा असेल, स्वतः बरोबरीनें राबत असेल, तर देवघेव बहुधा न्याय्यच असते. प्रश्न येतो तो गांवांतील मोलकरणीला काढून तिच्या जागीं हंसतमुख परदेशी जोडपें ठेवलें जातें तेव्हां. मग ती सेवा कोणाची झाली? गांवाची खास नव्हे.

सरकारांनीं या बाबतींत भावनेस थारा दिलेला नाहीं. न्यूझीलंडच्या कायद्यांत पैशाच्या रूपानें किंमत करतां येईल असा कोणताही लाभ मोबदलाच मानला जातो आणि त्यांत राहणें व जेवण स्पष्टपणें येतात. म्हणून पर्यटकाच्या परवान्यावर गेलेल्यानें खाटेच्या बदल्यांत केलेलें काम हें काम ठरतें, आणि तें करण्यास मनाई आहे. हॉस्टेलवाल्यानें त्यास स्वयंसेवा म्हटल्यानें सुटका होत नाहीं. ऑस्ट्रेलियांत कामासह सुटी घालविणाऱ्या तरुणांना शेतावर ठराविक मुदत राबल्यास दुसऱ्या वर्षाचा परवाना मिळे, आणि बिनपगारी काम त्यांत धरलें जाई. मालक याचा फायदा घेऊं लागले, तेव्हां २०१५ सालीं बिनपगारी काम धरणें बंद करण्यांत आलें. पगाराची चिठ्ठी दाखवावी लागूं लागली.

२०२४ पासून हा ऑस्ट्रेलियन परवाना भारतीय तरुणांसाठींही खुला झाला आहे. वय अठरा ते तीस, जागा वर्षास एक हजार, आणि निवड चिठ्ठ्या टाकून. पतिपत्नींस त्यांत एकत्र अर्ज नाहीं. दोघांनीं वेगवेगळे अर्ज करावयाचे, वेगवेगळें शुल्क भरावयाचें. नवऱ्याची चिठ्ठी निघाली आणि बायकोची निघाली नाहीं, किंवा उलट झालें, तर कोणी जावें आणि कोणी मागें राहावें, हें त्यांचें त्यांनीं ठरवावयाचें असतें.